ढावलोमधली अकरा सेकंदं

गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, हिंगोलीतल्या माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये, डावीकडच्या स्पीकरच्या हातभर मागे, पंधरा वर्षांचा मी मला बोलताना ऐकू आलो. मोजून सहा शब्द. "कोणी नाही रे. शेजारची आहे ती." कुजबुजच होती, पण कानाशी तोंड आणून कुणी सांगावं इतकी स्पष्ट. जिच्याबद्दल मी हे सांगत होतो ती माझी सख्खी थोरली बहीण, नीलाबाई. त्याच क्षणी दोन्ही स्पीकरच्या मधोमध उभी राहून ती आपल्या लग्नात रडत होती, आणि रडता रडता गाण्यात नुकतंच माझं नाव घेऊन थांबली होती. मी झटकन उठलो आणि आवाज बंद केला. घरात कोणी नव्हतं. बायको शिला तिच्या शाळेत, पोरगी पुनम क्लासला. तरी मी जाऊन दाराची कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला, आणि मग आपण हे काय करतोय म्हणून पडदा परत सरकवला. तेहतीस वर्षं ते सहा शब्द त्या कॅसेटमध्ये होते. बाईनं ती कॅसेट शेकडो वेळा ऐकली होती, सासरच्या तांड्यावर बायका जमवून ऐकली होती, आणि कुणाला ते कधीच ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू आलं, कारण माझं यंत्र फार चांगलं होतं. आणि येत्या रविवारी बाई तीच कॅसेट त्याच यंत्रावर ऐकायला माझ्याकडे येणार होती.

हे यंत्र म्हणजे माझ्या आयुष्यातली एकमेव उधळपट्टी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, पान खात नाही, जमिनी घेत नाही. घेतलं ते एवढंच. कमरेइतके उंच दोन स्पीकर, त्यांना चालवणारा अॅम्प्लिफायर, आणि संगणकातल्या आकड्यांचा आवाज करून देणारी एक चपटी पेटी, जी दिसायला सगळ्यांत गरीब आणि किमतीला सगळ्यांत आगाऊ. एवढ्यात एक बरी जुनी गाडी आली असती, हे शिलानं मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही, ते जास्त लागलं. आल्यागेल्याला मी एका ठरलेल्या खुर्चीत बसवायचो. डोळे मिटा म्हणायचो. तबला कुठं आहे ते बोटानं दाखवा म्हणायचो. पाहुणा बिचारा चहाची वाट बघत बोट करायचा. गाणारीनं कडव्याआधी घेतलेला श्वास, ओठ विलग होतानाचा बारीक आवाज, पेटीच्या भात्याची कुरकुर, हे सगळं मी ऐकवायचो. "आमच्याकडं गाण्यापेक्षा गाणारीचा दमच जास्त ऐकावा लागतो," असं शिला एकदा सगळ्यांदेखत म्हणाली आणि लोक हसले. मीही हसलो. पण मनातून मला वाटायचं की ऐकणं म्हणतात ते हेच. ज्या तांड्यावर मी वाढलो तिथं सगळे आवाज एकात एक कालवलेले असायचे. शेळ्या, हातपंप, भांडणं, नंगारा. इथं माझ्या हॉलमध्ये प्रत्येक आवाजाला त्याची वेगळी जागा होती आणि ती मी दिलेली होती. याचा मला फार मोठेपणा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या मोठेपणाला भीक न घालणारा गावात एकच माणूस होता, मुबश्शीर. मंडईमागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. त्याचे वडील अजीजमिस्त्री रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्यामागं यानं पुढच्या बाजूला मोबाइलची कव्हरं टांगली आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत व्हॉल्व्हचे रेडिओ, स्पूलची यंत्रं, जपानी टेपडेक जीव लावून सांभाळले. आमचा वाद कित्येक वर्षांचा. मी आलेख दाखवायचो, तो कान दाखवायचा. "सर, नये मशीन का आवाज इस्त्री किया हुआ रहता," तो म्हणायचा. "सुरकुती न्हाई, पन आंगावर बी बसत न्हाई." मी म्हणायचो, अरे तुझ्या त्या डबड्यात वरचे बारीक आवाज पोचतच नाहीत, खालचे फुगून येतात आणि तू त्याला गोडवा म्हणतोस. तो दोष आहे, मोजता येतो. त्यावर तो म्हणायचा, "मोजो ना सर, जरूर मोजो. मैं तबतक चाय बोलता हूँ." जुनं चांगलं की नवं, या वादात मी त्याच्याशी एकदाही हरलो नव्हतो, निदान माझ्या मते.

दिवाळीत मी पुसेगावच्या पुढं बाईच्या तांड्यावर गेलो होतो. आमच्यात थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. जेवणं झाल्यावर दरवर्षीप्रमाणे तिनं ती कॅसेट लावली. लग्नात आमच्याकडची नवरी प्रत्येक आप्ताच्या गळ्यात पडून रडते, पण ते नुसतं रडणं नसतं, ते गायचं असतं. त्याला ढावलो म्हणतात. म्हाताऱ्या बायका नवरीला महिनाभर आधीपासून ते शिकवतात. बापासाठी वेगळी ओळ, भावासाठी वेगळी, शेजारणीसाठी वेगळी. त्या कॅसेटवर बाईचा सगळा ढावलो आहे आणि त्यात एके ठिकाणी, जेमतेम एक ओळ, आमच्या याडीचा, म्हणजे आईचा आवाज आहे. याडीला जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठंही नाही. बाईचा टेपरेकॉर्डर एका स्पीकरचा, झाकण तुटलेला, बटणाला रबर गुंडाळून दाबून ठेवायचा. टेप घासली जाऊन मधूनच किंचाळत होती. "एखाद् दिशी तुटंल रे ही, भिया," बाई आमच्या गोरमाटी बोलीत म्हणाली. "मंग याडीला कुठं ऐकू म्या?" आणि मी पोटभर जेवून, भिंतीला टेकून, मोठ्या तोंडानं म्हणालो, "दे माझ्याकडं. याडी खोलीत येऊन उभी राहिल्यासारखी ऐकवतो तुला." वसराम दाजींनी डोळे बारीक करून विचारलं, "एवढी भारी मशीन हाय का हो पाव्हणं?" मी म्हणालो, ऐकाल तेव्हा कळेल.

कॅसेट वाजवायला चांगला डेक माझ्याकडं कुठला. त्यासाठी मुबश्शीरच्याच दुकानाची पायरी चढावी लागली आणि या गोष्टीवर तो पोट धरून हसला. मंगळवारी त्यानं आपला सगळ्यांत लाडका डेक काढला आणि त्याच्या टेप वाचणाऱ्या हेडजवळचा एक बारीक स्क्रू फिरवायला घेतला. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड जरासं तिरपं होतं, म्हणून दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर तिचे बारीक आवाज बुजून जातात, हे त्यानं मला समजावून सांगितलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. पाव आटा फिरवला. मग केसभर आणखी. आणि पत्र्याचं दार उघडावं तसा आवाज उघडला. बायकांच्या हातातल्या बलिया खुळखुळल्या, कुणाचं तरी तान्हं ओरडलं, मांडवाबाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा हलली. माझ्या अंगावर काटा आला. पण मला तास होता, मी निघालो. पुढचं सगळं त्यानं एकट्यानं ऐकलं. बुधवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह आणि कॅसेट द्यायला तो घरी आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "सर, बहुत साफ निकला." मग पायाकडं बघत, "बहुतच साफ." चहाला थांबला नाही. मला वाटलं, हरला म्हणून पडेल तोंडानं चाललाय.

त्या लग्नाचं सगळं मला नीट आठवतं अशी माझी आजवर समजूत होती. मी दहावीत होतो, हिंगोलीत वसतिगृहावर राहायचो. वर्गात तांडा हा शब्द मी तोंडातून काढत नसे. कुणी गाव विचारलं तर औंढ्याकडचा, एवढं मोघम सांगायचो आणि विषय क्रिकेटवर न्यायचो. तरी वर्गातले दोघं लग्नाला आलेच. एक विश्वंभर, आणि दुसरा एका वकिलाचा मुलगा, त्याचं नावही आता आठवत नाही, ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं. बहिणीचं लग्न आहे असं मी त्यांना सांगितलं नव्हतं; आमच्या तिकडं एक लग्न आहे, मटण असतं, एवढंच. हेडसरांनी विश्वासानं आपला दोन माइकचा टू-इन-वन मला दिला होता. माझ्या बापानं, थावरा राठोडनं, तांड्यात घरोघर सांगितलं होतं की आमचं पोरगं मशीन चालवणार आहे. त्यामुळं मांडवात मी तो टू-इन-वन छातीशी धरून उभा आणि हे दोघं माझ्या दोन बाजूंना. बाई एकेकाच्या गळ्यात पडत, ढावलो म्हणत पुढं सरकत होती. घसा बसलेला, नाक वाहतंय, ओढणी खांद्यावर घसरलेली. विश्वंभर फिस्सकन हसला आणि म्हणाला, "रडायली का गायली रे ही?" दुसऱ्यानं विचारलं, "तुझी कोण लागते?" तेवढ्यात बाई माझ्यासमोर आली, दोन्ही हात पसरले आणि माझी ओळ सुरू केली. तांड्यातून शाळेत गेलेला माझा पहिला भाऊ, याच्या हातात पुस्तक राहू दे, माझी आठवण नाही राहिली तरी चालेल, असं काहीसं होतं ते. गोरमाटीत फार सुंदर आहे, मराठीत मला ते करता येत नाही. आता भावानं तिच्या गळ्यात पडायचं अशी रीत. मी मशीन आणखी घट्ट धरलं, एक पाऊल मागं गेलो, तोंड वळवलं आणि वकिलाच्या मुलाला ते सहा शब्द सांगितले. बाई हात पसरून तशीच उभी. तेव्हा याडी मध्ये शिरली. तिनं बाईला आपल्याकडं ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या एक ओळ रचून म्हटली: त्याच्या हातात काम आहे गं लेकी, त्याच्या वाट्याचंही मीच रडते. कॅसेटवर याडीचा आवाज आहे तो एवढाच. माझी बाजू सावरायला तिनं तोंड उघडलं, तेवढीच ती मागं राहिली. मग वऱ्हाड जेवायला बसलं आणि त्या दोघांनी पोटभर मटण खाल्लं.

लहान होतो मी, असं गुरुवारी रात्रभर स्वतःला सांगून पाहिलं. पंधरा वर्षांचं पोरगं, त्याला काय कळतं. पण लाज अशी एका वयापुरती थांबत नाही हे मलाही कळत होतं. घराच्या वास्तुशांतीला बाई आली होती, कपाळावर गोंदण, अंगात आरशांची काचोळी, आणि प्राचार्यांनी सहज विचारलं, या कोण? मी म्हणालो, "या आमच्या गावाकडच्या." सहाचे तीन शब्द झाले होते, फरक पडला तो इतकाच. बाई तिथंच उभी होती, द्रोणातला प्रसाद खात. माझ्या घरी आली की ती माझ्याशी मराठीत बोलते. तिच्या अंगणात ती कधी मराठी बोलत नाही. मी तिला तसं कधी सांगितलं नाही, पण पुनमला गोरमाटीचं अक्षर येत नाही आणि शेजारी कानोसा घेतात हे बघून तिनं तिचं ती ठरवलं असावं, आणि काहून गं बाई, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. मला सोयीचंच होतं ते. हे सगळं आठवून मी अंथरुणात इतका आखडून गेलो की शिलानं विचारलं, पोटात दुखतंय का. हो म्हणालो. तिनं ओव्याची पूड दिली, ती मी निमूट खाल्ली.

शुक्रवारी कॉलेजला सुट्टी टाकून मी संगणकासमोर बसलो. सहा शब्द काढायचे आणि याडीची ओळ ठेवायची, एवढंच काम. पण ते दोन्ही एकाच जागी होते. माझ्या तिसऱ्या शब्दावर याडीनं तोंड उघडलं होतं आणि तिथून पुढं आम्ही दोघं एकदमच बोलत होतो. मग मी वरचे बारीक आवाज दाबून पाहिले. कुजबुज बारीक आवाजांतच असते, ते दाबले की ती बुजते. याडी राहिली, पण कांबळ्याखालून बोलल्यासारखी. म्हणजे मी माझ्या हातानं, एवढ्या मोलाच्या यंत्रावर, बाईचा झाकण तुटलेला टेपरेकॉर्डर तयार करत होतो. मुबश्शीरनं हे पाहिलं असतं तर त्यानं चहा सांगितला असता. संध्याकाळी मी शिलाला त्या खुर्चीत बसवलं. "काय ऐकू येतं?" मी विचारलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "वन्सं रडतायत, सासूबाई मधे काहीतरी म्हणतायत. अजून काय ऐकायचं असतं?" तिला काही आलं नव्हतं. मला येत होतं. कमी केलं, आणखी कमी केलं, तरी ते मला तिथंच, डाव्या स्पीकरच्या मागं येत होतं. शिला ही काही बाई नव्हे. बाईला त्या कॅसेटमधला खोकला न् खोकला माहीत आहे. तिनं कान टवकारले आणि विचारलं, हे मधे कोण बोलतंय रे भिया, तर? शनिवारी दुपारी मी दोन खुणा केल्या, एक माझ्या पहिल्या शब्दाआधी आणि एक याडीच्या ओळीनंतर, आणि मधलं कापून टाकलं. अकरा सेकंदं. दोन टोकं इतकी बेमालूम जुळली की मला क्षणभर अभिमान वाटला. कापलेल्याला मी 'बाई' असं नाव दिलं, न कापलेल्याला 'पूर्ण', आणि पडद्यावर दोन्ही एकाखाली एक दिसायला लागली. तासभराच्या ढावलोत अकरा सेकंदांनी काय बिघडतं, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

रविवारी अकरा वाजता बाई आली. एकटीच, जीपनं. हातात कापडी पिशवी, तीत तिचा टेपरेकॉर्डर. "त्या मुबश्शीरला दाखवायचा हाय," ती म्हणाली. "त्याला मीच फोन केलता, ये म्हनून. एवढं केलं पोरानं, त्याला बी ऐकू दे." पाच मिनिटांत मुबश्शीर आलाच. माझ्याकडं न बघता सलाम केला आणि सोफ्याच्या टोकाला, उठून जायच्या बेतात असल्यासारखा बसला. शिला, पुनम, सगळे जमले. बाईला मी ठरलेल्या खुर्चीत बसवलं. तिनं पाय वर घेऊन मांडी घातली, ओढणी डोक्यावरून घेतली, हात जोडले, यंत्राला की याडीला कोण जाणे. मी 'बाई' लावलं.

बलिया खुळखुळल्या तशी ती दचकली आणि हसली. "अगं माय," ती म्हणाली, "ही तर आपली गंगली. तिचंच हासनं. आन् हे लेकरू रडायलंय ते कोनाचं?" ती बोट करून दाखवायला लागली, न सांगता, न विचारता, इथं गंगली, इथं म्हातारी काकी, इथं बाप खाकरतोय. ज्या पाहुण्यांना मी वर्षानुवर्षं बोटं करायला लावली त्यांना काही दिसत नव्हतं. हिला सगळा मांडव दिसत होता. माझं यंत्र ज्याच्यासाठी बनलं होतं तो माणूस आज पहिल्यांदा त्या खुर्चीत बसला होता. मग तिनं डोळे मिटले आणि कॅसेटबरोबर ओठ हलवू लागली. बापाची ओळ. काकीची ओळ. गळ्याशी तिचा हात गेला. माझी ओळ आली, पुस्तकाची. मी जमिनीवरच्या फरशीचा एक कोपरा निवडून त्याच्याकडं बघत राहिलो. ओळ संपली, बाईनं श्वास घेतला, याडीसाठी तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून पुढचीच ओळ सुरू झाली.

तिनं डोळे उघडले. "थांब."

मी थांबवलं.

"याडी कुठं गेली?"

"म्हणजे?"

"हितं याडी हाय. माझं झालं का याडी म्हनती. मागं घे जरा."

मी मागं घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, पुढं वाकून, हनुवटी मुठीवर टेकवून. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, मुबश्शीरकडून परत आलेली कॅसेट घातली, रबर ओढून बटणाला लावलं, आणि पुनमला वायर दिली. घरघर, किंचाळी, कुठंतरी लांब विहिरीत चाललेलं लग्न. तिनं बरोबर जागा काढली. माझी ओळ. मग त्या घरघरीतून, दबलेला, जाडा, कांबळ्याखालचा, याडीचा आवाज. त्याच्या हातात काम आहे गं लेकी. पुनमला एक शब्द कळला नाही तरी तिनं शिलाचा हात धरला. शिला डोळे पुसत होती. बाई रडत नव्हती. ती त्या डबड्याकडं असं बघत होती की बघ, आहे ना. आणि त्या डबड्यात मी कुणाला ऐकू येत नव्हतो. फक्त मुबश्शीर ऐकत नव्हता, माझ्याकडं बघत होता; ते सहा शब्द त्यानं आधीच ऐकले होते.

"म्हंजे तुझ्या मशीनीत याडी येतच न्हाई," बाई म्हणाली. रागानं नव्हे. एखाद्याच्या घरी पाण्याची टाकी गळते हे कळल्यावर म्हणावं तसं.

मुबश्शीर खाकरला. "न्हाई ताई," तो म्हणाला. "मशीन में खोट न्हाई. सरांची मशीन एकदम बराबर हाय. मी सोता ऐकलंय. माझ्या जिंदगीत एवढी साफ मशीन न्हाई ऐकली."

इतक्या वर्षांत जे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी तडफडलो ते तो आज म्हणाला, आणि ते त्यानं मला वाट करून देण्यासाठी म्हटलं होतं. संगणक उघडाच होता. 'बाई'च्या खाली 'पूर्ण'. बोट अर्धा इंच खाली न्यायचं आणि दाबायचं. मग याडी उभी राहिली असती खोलीत, मी कबूल केलं होतं तशी, आणि तिच्या शेजारी मी उभा राहिलो असतो. पुनमच्या देखत. बाईच्या देखत. माझं बोट हललंसुद्धा. आणि मी म्हणालो, "नाही मुबश्शीर. तूच बरोबर होतास. नव्या यंत्रांचं हे असंच असतं. बारीकसारीक आवाज कचरा समजून गाळून टाकतात. जुनंच चांगलं."

"जी सर," मुबश्शीर म्हणाला, आणि उठून दाराशी चपला घालायला लागला. शिला म्हणाली, अहो चहा. तो म्हणाला, नंतर कधीतरी, भाभी. टेपरेकॉर्डर दाखवायचा राहिला हे बाईला आठवलं तोवर तो जिना उतरून गेला होता.

जेवायला बाईनं नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलत राहिली. तांड्यावरच्या टीव्हीचं, दाजींच्या चष्म्याचं, आखाडा बाळापूरच्या बाजारात आणलेल्या मिक्सरचं, जो दुसऱ्या दिवशी जळाला. महागाच्या वस्तू कशा फसवतात याची तिच्याकडं बरीच उदाहरणं निघाली. मी मान हलवत होतो. प्रत्येक उदाहरणाला वाटायचं, आता सांगावं. भात संपेपर्यंत सांगावं. हात धुवेपर्यंत सांगावं. तीन वाजता ती जायला उठली. तिनं टेपरेकॉर्डरची वायर नीट गुंडाळली, कॅसेट डब्यात घातली, डबा वर ठेवला आणि ते सगळं माझ्यापुढं धरलं.

"हे ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

"काहून?" माझ्या तोंडून निघालं, इतक्या वर्षांनी.

"तुझ्या घरी याडी न्हाई ना. एवढे पैसे घातलेस आन् ती आलीच न्हाई, तुझा जीव कसा लागंल? मला समदं पाठ हाय. भाकरी थापता थापता म्हनते म्या."

"नको बाई. तुझी आहे ती. दाजी काय म्हणतील?"

"दाजीला काय कळतंय त्यातलं." ती हसली. "आन् माझी कशी? त्या दिशी मशीन धरून तूच उभा व्हतास. रडायचं सोडून तूच धरलीस, म्हनून तर याडी ऱ्हायली. तुझीच हाय ही."

कानामागं गरम झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पाहिलं. शिलानं पाहिलं, पुनमनं पाहिलं. बाईनं टेपरेकॉर्डर माझ्या छातीशी टेकवला.

"असं तोंड नको पाडू, भिया," ती म्हणाली, आणि हे ती गोरमाटीत म्हणाली, माझ्या हॉलमध्ये, पहिल्यांदाच. "लाजायचं काय त्यात? मशीन हाय ते. त्याला काय कळतंय, आपलं मानूस कोनतं?"

"हो," मी मराठीत म्हणालो, आणि दोन्ही हातांनी तो घेतला.